‘हे आपल्या चर्चमध्ये शोभत नाही’ असं कोणी म्हटलं तर काय करावं

गायनवृंदाच्या सरावात हे वाक्य कधी ना कधी येतंच. कोणीतरी नवी चाल बसवायला घेतं, कोणी ढोलकी आणतं, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "हे आपल्याला शोभत नाही." लगेच दोन तट पडतात. तरुण संघ म्हणतो, वडीलजनांना काही नवं नको. वडीलजन म्हणतात, पोरं जगाच्या मागे लागली. गीत बाजूला राहतं आणि पुढच्या रविवारी दोन्हीकडची काही माणसं येत नाहीत.

मी मिरजेच्या एका मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बरीच वर्षं पेटी वाजवते आणि गायनवृंद सांभाळते. असे प्रसंग हाताळायची आमची एक पद्धत हळूहळू बसली. सांगली, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), सातारा, वाई, कुठेही मराठीत उपासना करणाऱ्या मंडळीला ती उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी ते वाक्य लिहून घ्या. बोलणाऱ्याच्याच शब्दांत, आपल्या शब्दांत नव्हे. आमच्या वहीत अशी वाक्यं आहेत: "तबला भजनात ठीक, उपासनेत नको." "टाळ्या वाजवणारे वचनात कच्चे असतात." "इंग्रजी गाणं म्हटलं की उपासना भारी वाटते." "जुनी गीतं म्हणजे झोप येते." "गीत बाईनं सांगावं, पण पेटीवर पुरुष बसावा." बघा, यातली सगळी वाक्यं म्हाताऱ्यांची नाहीत. "ड्रमशिवाय आत्मा उतरत नाही" असं मानणारा मुलगाही तितकाच न तपासलेला समज घेऊन बसलेला असतो. लिहिलेलं वाक्य बोलणाऱ्याला परत वाचून दाखवा. "काकू, तुम्ही असं म्हणालात, बरोबर ना?" एवढं विचारलं तरी अनेकदा समोरचं माणूस स्वतःच ते छोटं करतं: "अगं, सगळ्यांबद्दल नव्हते म्हणत मी."

मग प्रश्न विचारा, पण ‘का’ विचारू नका. ‘का’ म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो, वचनं शोधायला लागतो. त्याऐवजी विचारा, "हे तुम्ही पहिल्यांदा कोणाकडून ऐकलंत?" या प्रश्नावर माणसं गोष्ट सांगतात. आणि त्या गोष्टीतच कळतं की आक्षेप कुठून आलाय. कधी तो खरोखर शिकवणीचा असतो, म्हणजे गीताच्या शब्दांत काही चुकीचं आहे. असा आक्षेप असेल तर गायनवृंदानं वाद घालू नये, गीत घेऊन सरळ पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे जावं. कधी तो फक्त सवयीचा असतो, कधी आवडीचा. आणि कधी त्याच्या तळाशी जुनी जखम असते. या चारांना एकच औषध चालत नाही, आणि आपल्याकडची बहुतेक भांडणं होतात ती सवयीला शिकवण समजल्यामुळे, नाहीतर जखमेला सवय समजल्यामुळे.

सवयीचा आक्षेप असेल तर त्या वस्तूचा इतिहास शोधा. एकाच वस्तूचा, नीट. ‘भारतीय संगीत आणि चर्च’ असा मोठा विषय काढलात तर व्याख्यान होतं आणि कोणाचं मत बदलत नाही. आम्ही पेटीपासून सुरुवात केली, कारण "पेटी आपली, ऑर्गन मिशनऱ्यांचा" असं तरुण म्हणत होते आणि "ऑर्गन खरा चर्चचा, पेटी तडजोड" असं ज्येष्ठ म्हणत होते.

पेटीचा मूळ नमुना १८४० च्या सुमारास पॅरिसमधला. आज आपण मांडी घालून एका हातानं भाता मारत वाजवतो ती हातपेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास घडवली. म्हणजे भजनी मंडळात, कीर्तनात, दर्ग्यात कव्वालीला जी पेटी ‘आपली’ म्हणून बसते ती युरोपातून आलेली. आकाशवाणीनं तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती, कारण तिचे ठरलेले स्वर आपल्या गायकीला चालत नाहीत असं जाणकारांचं म्हणणं होतं. आणि ऑर्गन? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीता स्वयंवर’ केलं ती सांगली आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. इथल्या ज्येष्ठांना विचारा, बालगंधर्वांच्या नाटकात साथीला काय असायचं. पायानं भाता मारायचा ऑर्गन. नाट्यगीतात तो इतका मुरला की इथल्या नाट्यरसिकाला ऑर्गन म्हटलं की चर्च नाही, रंगमंच आठवतो. दोन्ही तटांची दोन्ही वाक्यं एकाच संध्याकाळी मोडली, आणि कोणाचा अपमान झाला नाही.

आणखी मागे गेलात तर ऑर्गनही चर्चमध्ये जन्माला आलेला नाही. रोमन काळात तो करमणुकीच्या खेळांमध्ये वाजायचा. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या शतकांतल्या अनेक गुरूंना उपासनेत कुठलंच वाद्य मान्य नव्हतं. धर्मसुधारक कॅल्विनच्या जिनिव्हात ऑर्गनशिवाय, नुसत्या आवाजात स्तोत्रं गायली जात. बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही वाद्याशिवाय गातात. उलट नाताळात जगभर गायलं जाणारं ‘सायलेंट नाइट’ ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ ला पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारवर. म्हणून तरुणांच्या गिटारला नाक मुरडणाऱ्यांना मी वाद न घालता ही तारीख सांगते.

वाद्य बघायचं असेल तर मिरजेच्या लोकांना लांब जायला नको. सतारमेकरांच्या दुकानात जा, सोबत आक्षेप घेणाऱ्यांनाही न्या. भोपळा कसा निवडतात, तो वाळवून त्यावर लाकडाची तबली, म्हणजे वरची पातळ फळी, कशी बसते, तार गुंजावी म्हणून घोडीवर जवारी कशी काढतात ते त्यांना पाहू द्या. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कारागिरांनी केलंय आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. तिथे आमच्या एका वडीलजनांनी विचारलं, "हे देवळात जातं ना?" कारागीर म्हणाले, "जातं की साहेब. उरुसाला दर्ग्यात पण जातं. तुम्हाला जेन्ट्स पाहिजे का लेडीज?" त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की गाणारं कोण आहे. आमच्याकडे आता तंबोरा आहे, लेडीज.

चालींचाही असाच शोध घ्या. जुन्या गीतपुस्तकांत गीताच्या डोक्यावर वृत्त, राग किंवा चाल छापलेली असते. सराव सुरू करण्याआधी ती मोठ्यानं वाचायची सवय लावा. आपण ज्याला ‘मिशनरी गीत’ म्हणतो त्यावर कितीदा साकी, दिंडी, ओवी, अभंग असे मराठी छंद लिहिलेले असतात ते पाहून माणसं चकित होतात. ओवीचं म्हणाल तर फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चं, गोव्यातलं, आणि सगळं ओवीत. लिहिणारा इंग्रज. आणि अभंग म्हटलं की ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक. बाप्तिस्मा १८९५ चा. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. १९१९ मध्ये गेले. म्हणजे ‘अभंग आपल्यात नको’ असं साताऱ्यातला ख्रिस्ती माणूस म्हणत असेल तर त्याच्याच गावात कोण राहून गेलं हे त्याला प्रेमानं सांगायला हवं. रोमन कॅथलिक मंडळीनं तर १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य जागा द्या असं स्पष्ट लिहिलंय.

आता जखमेबद्दल. इथे घाई करू नका.

आमच्या तरुणांनी एका वर्षी नाताळच्या फेरीसाठी हलगी आणायचं ठरवलं. सांगली-कोल्हापूरकडे हलगीशिवाय मिरवणूक कसली, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. बायबलच्या स्तोत्र १५० मध्ये डफ आहे, झांजा आहेत, नृत्यसुद्धा आहे, हे त्यांनी पाठ करून आणलं होतं. एका आजोबांनी फक्त "हलगी नको" म्हटलं आणि उठून गेले. मुलं म्हणाली, आजोबांना साहेबी चर्च पाहिजे. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले आणि तोच प्रश्न विचारला. "आजोबा, हलगीबद्दल पहिल्यांदा काय ऐकलंत?" ते म्हणाले, "ऐकलं नाही बाई, बघितलं. माझा बाप गावात वाजवायचा. लग्न त्यांचं, मयत त्यांची, जत्रा त्यांची. वाजवायचं आम्ही, बाहेर उभं राहून. आणि मग उरलेली भाकरी पदरात. बापानं ख्रिस्ती झाल्यावर हलगी खुंटीवरनं काढली ती परत टांगली नाही."

इथे इतिहासाची तारीख कामाची नाही. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमध्ये महार-मांग समाजांतून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी हलगी हे लोकवाद्य नव्हतं, गावकीनं लादलेलं काम होतं. ते सोडणं हा त्यांच्या विश्वासाचाच भाग होता. त्या माणसाला ‘पाश्चात्त्य विचारांचा’ म्हणणं हाच एक पूर्वग्रह झाला, आणि तो शिकलेल्या, चांगल्या मनाच्या लोकांचा पूर्वग्रह असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. ‘आपलं भारतीय संगीत’ असं म्हणताना आपण कोणाचं संगीत आत आणतोय आणि कोणाचं बाहेर ठेवतोय हे तपासा. सतार, तंबोरा, राग आणले की भारतीय, आणि हलगी, संबळ, लावणीचा ठेका आणला की हलकं, असं होत असेल तर तो मंडळीत शिरलेला जातीचाच हिशोब आहे. तसंच अभंग म्हणजे ब्राह्मणी कीर्तन असंही समजू नका. तुकोबा कुणबी होते, आणि मंगळवेढ्याचे चोखोबा, ज्यांना विठ्ठलाच्या देवळात शिरू दिलं नाही, त्यांचे अभंग आजही वारीत गायले जातात.

हलगीचं आम्ही काय केलं? मुलांनी आजोबांकडे जाऊन त्यांची गोष्ट ऐकली. त्या वर्षी हलगी आली नाही. पुढे आजोबांच्या नातवानं ती शिकायची परवानगी मागितली, तेव्हा आजोबा म्हणाले, "वाजव, पण कोणाच्या दारात उभा राहून नको." आता फेरीत हलगी असते, आणि आमची फेरी कोणाच्या उंबऱ्याबाहेर थांबत नाही. घरात बोलावलं तरच गातो. तुमच्या मंडळीतल्या आजोबांचं उत्तर वेगळं असू शकेल. ते ‘नको’ असेल तर ‘नको’ मानावं, असं मला वाटतं.

आपल्या बाजूचे आवडते पुरावे तपासणं हे पुढचं काम, आणि ते सगळ्यात अवघड. नव्या संगीताची बाजू घेणारे एक गोष्ट हमखास सांगतात: जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून चर्चमध्ये आणल्या, आणि "चांगल्या चाली सैतानाकडेच का असाव्यात" असं तो म्हणाला. हे वाक्य ल्यूथरच्या लेखनात सापडत नाही, आणि गुत्त्यातल्या चालींची गोष्टही टिकत नाही. लोकांत चालणाऱ्या एका कोड्याच्या गाण्याची चाल त्यानं नाताळच्या गीताला सुरुवातीला वापरली होती, एवढं खरं. तुम्हाला पक्कं उदाहरण हवं असेल तर शुभशुक्रवारी गायल्या जाणाऱ्या, काट्यांच्या मुकुटाच्या प्रसिद्ध गीताची चाल घ्या. ती हान्स लिओ हासलर या जर्मन संगीतकारानं १६०१ मध्ये छापलेल्या प्रेमगीताची आहे. खरी गोष्ट हाताशी असताना खोटी सांगायची गरज नाही. आणि समोरच्यानं खोटी पकडली तर तुमचं खरंही तो ऐकणार नाही.

वचन कधी वाचायचं? मी ते शेवटी ठेवते, कारण सुरुवातीला वाचलं की ते दगडासारखं फेकलं जातं. सगळ्यांच्या गोष्टी सांगून झाल्या की योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला प्रसंग वाचा. येशूच्या गावाबद्दल नथनेल विचारतो, नासरेथातून काहीतरी उत्तम निघू शकते काय? हा सरळ सरळ गावावरून केलेला शिक्का आहे, आणि तो एका प्रामाणिक माणसाच्या तोंडी आहे. येशू त्याला पुढे निष्कपट म्हणतो. त्याला येशूबद्दल सांगायला आलेला फिलिप्प वाद घालत नाही. "येऊन पाहा," एवढंच म्हणतो. बायकांनी वाद्य वाजवण्याचा प्रश्न असेल तर निर्गमचा पंधरावा अध्याय वाचा, मिर्याम हातात डफ घेऊन पुढे आहे. एवढ्यावर आमच्याकडचा तो वाद संपला.

‘येऊन पाहा’ हेच आपल्यालाही करायचं असतं, पण ते नीट आखून करा. नवी गोष्ट नाताळला, शुभशुक्रवारी किंवा प्रभुभोजनाच्या रविवारी पहिल्यांदा आणू नका. घरगुती प्रार्थनासभा निवडा, जिथे दहा-पंधरा माणसं असतात आणि नंतर चहा असतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. ओळखीचे शब्द आणि नवी चाल, किंवा ओळखीची चाल आणि नवं वाद्य. तिन्ही एकदम बदललं तर लोकांना नेमकं काय खटकलं ते कळायला मार्ग राहत नाही.

पट्टीकडे, म्हणजे गीत किती उंच सुरात धरलंय त्याकडे, लक्ष द्या. हे मी फार जोर देऊन सांगते. गायनवृंदातल्या तरुण मुली पेटीच्या काळी चार-पाचात मोकळ्या गातात, पण मंडळीतले पुरुष काळी एक-दोनात. गीताची सगळ्यात उंच ओळ मंडळीतल्या वयस्क मावशींना गायला लावा. आवाज फाटला तर पट्टी एक-दोन घर खाली घ्या. "ही चाल आपली वाटत नाही" असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांना खरं तर ती गाता येत नसते, आणि हे कबूल करायला माणूस लाजतो. तबला असेल तर पहिल्या वेळी साधा भजनी ठेका, आठ मात्रांचा, तुकडे-तिहाया नाहीत. ड्रम असेल तर माईक लावू नका, आमच्या इमारतींची छतं उंच आणि दगडी, आवाज घुमतो आणि शब्द हरवतात. शब्द ऐकू आले नाहीत तर वडीलजनांचा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे.

बाहेरच्या लोकांच्या समजांबद्दल थोडक्यात. ‘तुम्ही ख्रिश्चन म्हणजे घरी इंग्रजी बोलत असाल, गिटार असेलच,’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. साळवे, कांबळे, गायकवाड अशी आडनावं ऐकून ‘मग तुम्ही ख्रिश्चन कसे?’ हेही. उत्तर देत बसण्यापेक्षा शेजाऱ्यांना नाताळच्या गायनाला बोलवा आणि त्या दिवशी इंग्रजी गाणी कमी ठेवा. आमच्या गल्लीतल्या एका भजनी मंडळाच्या बुवांनी आमचा अभंग ऐकून विचारलं, "ताई, ही चाल आम्हाला द्याल का?" आम्ही लिहून दिली.

शेवटी पुन्हा वही. प्रत्येक तपासलेल्या आक्षेपाखाली चार ओळी लिहा: वाक्य काय होतं, ते कुठून आलं असं निघालं, काय ठरलं, आणि परत कधी बघायचं. ‘परत कधी’ हा रकाना रिकामा सोडू नका, ‘नको’ ठरलं असेल तेव्हा तर मुळीच नाही, नाहीतर आजचा निर्णय पुढच्या पिढीची नवी सवय होतो. आणि आक्षेप घेणाऱ्याचं नाव लिहू नका. माणसाचं मत बदलतं, वहीतलं नाव बदलत नाही. आमची वही पेटीच्या झाकणात असते. नवीन कोणी गायनवृंदात आलं की आधी ती वाचायला देतो, मग गीतपुस्तक.